गच्चीवरच्या पडद्याला पुन्हा पुन्हा झोळ पडतोय? कापड बदलायच्या आधी एवढं बघा

ऊन अडवायला गच्चीवर टांगायचा इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता रोखणारा, जाड पडदा असतो, त्याच्याबद्दल बोलतोय. तुमच्याकडं यातलं काय काय दिसतंय ते आधी ताडून बघा.

- वळवाची एक सर येऊन गेली की पडद्याला मधोमध पोट येतं आणि त्यात पाणी थांबतं. दुसऱ्या दिवशी पाणी वाळतं, मातीचा गोल डाग मागं राहतो. (हा डाग लगेच पुसू नका, पुढं कामाला येणार आहे.)
- संध्याकाळी वारा सुटला की पडदा फाडफाड वाजतो आणि शेजारी विचारायला येतात.
- कोपऱ्यातली आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी) गोल राहिलेली नाही, भोपळ्याच्या बीसारखी लांबट झालीय. काही ठिकाणी तर कापडासकट निघून आलीय.
- पडदा घेतला तेव्हा एका हातानं उचलता यायचा, आता दोघं लागतात.
- पडद्याखाली पहिल्या उन्हाळ्यात जसं गार वाटायचं तसं आता वाटत नाही.
- दोऱ्या आवळल्या की चार दिवस बरं, पाचव्या दिवशी परत तेच.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीची आज ना उद्या येणारच.

आमचं कोल्हापुरातलं दुकान मूळचं ताडपत्रीचं. वडिलांच्या वेळी ट्रकच्या, बैलगाडीच्या आणि गुऱ्हाळावरच्या ताडपत्र्या शिवायचो. आता निम्मं काम या इन्सुलेशनच्या पडद्यांचं असतं. वर पांढरं कोटिंगचं कापड, मध्ये फोम नाहीतर पॉलिएस्टरची रुई, खाली चंदेरी फॉइल, आणि तिन्ही पदर धरून ठेवणारी चौकड्यांची शिवण. दुकानातली पोरं याला सरळ ‘गोधडी’ म्हणतात आणि शब्द बरोबर आहे. आठ बाय चार फुटांची गोधडी कोरडी असताना तीन किलोच्या आसपास भरते. गच्चीवर, पत्र्याच्या शेडवर, पश्चिमेच्या भिंतीपुढं, कुठंही टांगता येते. हलकी म्हणून लोक घेतात, आणि हलकी म्हणूनच बांधताना हयगय करतात.

उन्हाळ्यात येणारा फोन ठरलेला असतो: ‘कापड बाद झालंय, नवीन शिवून द्या.’ शिवून दिलं तर माझा फायदाच आहे. पण जाऊन बघावं तर बहुतेक वेळा कापड धडधाकट असतं. आणि खरा दोष तसाच ठेवून नवं कापड चढवलं, की पुढच्या वळवाला तोच फोन परत.

काहीही करण्याआधी पोटातलं पाणी उतरवा

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, म्हणजेच एक किलो. दहा बाय दहा फुटांचा पडदा ९.३ चौरस मीटरचा होतो. त्यावर सरासरी ५ सेंटिमीटर पाणी थांबलं तर वजन साडेचारशे किलोच्या वर जातं. डोक्यावर एक दुभती म्हैस टांगलीय असं समजा आणि मगच खाली उभं राहायचं की नाही ते ठरवा.

खाली उभं राहून झाडूच्या दांड्यानं ढोसू नका. सगळं पाणी एका बाजूला धावतं, त्या बाजूच्या आयलेट एकदम सुटतात आणि पडदा पाण्यासकट अंगावर येतो. सुरीनं भोक पाडायचा मोह तर अजिबात नको. त्या भोकातून पाणी जातं, पण पुढच्या वाऱ्यात तिथूनच चीर धावते. बागेची नळी घ्या, ती पाण्यानं पूर्ण भरा, दोन्ही तोंडं अंगठ्यानं दाबून धरा. शिडी पडद्याच्या कडेबाहेर लावून एक तोंड पोटात बुडवा, दुसरं खाली सोडा आणि अंगठे काढा. पाणी आपोआप ओढलं जातं. पंधरा-वीस मिनिटं जातात, पण कुणाच्या मानेला काही होत नाही.

पहिली तपासणी: एक बादली पाणी

फुकटातली आणि सगळ्यात जास्त सांगणारी. वरच्या कडेला शिडी लावून अर्धी बादली पाणी हळूहळू सोडा आणि ते कुठं जातं ते बघा. सरळ खालच्या कडेवरून पडलं तर उतार ठीक आहे, पुढच्या तपासणीकडं जा. वाटेत थबकलं, वळलं, एका जागी गोळा झालं तर ती जागा खडूनं आखून घ्या. मघाशी म्हटलेला मातीचा डाग आणि हा खडूचा गोल एकमेकांवर बसतात का बघा. बसले, तर दोष कायमचा आहे. डाग एकीकडं आणि पाणी दुसरीकडं थांबत असेल तर मधल्या काळात कुठलीतरी दोरी सरकलीय.

पाणी ओतलंच आहे तर पडदा धुऊनही घ्या. आपल्याकडं साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपेपर्यंत हवेतून बगॅसची (उसाच्या चोथ्याची) काजळी पडत असते. शिरोली, गोकुळ शिरगावकडं फाउंड्रीची काळी धूळही असते. पांढऱ्या कापडाचं काम ऊन परत फेकायचं. ते करडं पडलं की तेच ऊन पिऊ लागतं. मऊ झाडू आणि भांड्याचा साबण पुरे. रॉकेल, थिनर, ॲसिड लावू नका, कोटिंग फुगतं आणि मग पोपडे येतात. गार वाटत नाही अशी तक्रार घेऊन आलेली कितीतरी माणसं मी नुसत्या धुण्यावर परत पाठवलीत.

दुसरी: दोरी आणि गाठ

बांधायला कुठली दोरी वापरलीय? नायलॉनची असेल तर ती मुळातच ताणली जाणारी, आणि ओली झाली की आणखी ढिली. सकाळी तंग केलेला पडदा पहिल्या सरीत सैल पडतो तो असा. स्वस्तातली रंगीत प्लास्टिकची दोरी उन्हात वर्ष-दीड वर्षात ठिसूळ होते. मुठीत चुरगाळली की भुसा निघतो. पॉलिएस्टरची दोरी घ्या. ती कमी ताणली जाते आणि उन्हालाही टिकते.

गाठीचं म्हणाल तर ट्रकवाल्यांकडून शिका. दोरीतच एक फास करायचा, टोक हुकातून फिरवून त्या फासातून ओढायचं. ताडपत्री आवळताना ते हेच करतात आणि पुण्यापर्यंत गाठ हलत नाही. घरी मारलेली साधी दुहेरी गाठ रोज अर्ध्या अर्ध्या इंचानं सरकते. चार कोपऱ्यांचे चार अर्धे इंच धरले की पोट तयार.

तारेचा दोर असेल तर क्लॅम्प कसे बसवलेत ते बघा. क्लॅम्पला दोन भाग असतात: वाकलेला यू-बोल्ट आणि खाचा असलेलं खोगीर. खोगीर भार घेणाऱ्या लांब दोराकडं आणि यू-बोल्ट दुमडलेल्या मोकळ्या टोकाकडं आला पाहिजे. उलटं बसलं तर यू-बोल्ट भाराच्या दोराला चेपून त्याच्या तारा तोडतो. मी दर टोकाला तीन क्लॅम्प लावतो आणि आठवड्यानं परत पाना मारायला जातो, कारण दोर ताणला की बारीक होतो आणि नट ढिले पडतात.

तिसरी: उतार (इथं घाई करू नका)

गेल्या मे महिन्यात राजारामपुरीत एका काकींच्या गच्चीवर गेलो होतो. काकी वैतागलेल्या. “तिसऱ्यांदा आवळून घेतला बघा. आता कापडच सैल पडलंय त्याचं. तुम्ही नवंच टाका.”

मी म्हटलं, “काकी, आधी पाणसळ लावू, मग कापडाचं बोलू.”

गवंडी वापरतात ती पाण्याची नळी चारी कोपऱ्यांना फिरवली. चारी कोपरे एका पातळीत! फरक अर्ध्या इंचाचाही नव्हता. ज्यानं पाइप उभे केले त्यानं जीव ओतून काम केलं होतं. पण गवंडीसुद्धा गच्चीला मोरीकडं उतार देतो. मग कापडाला कोण देणार?

पडद्याच्या खाली गच्चीवरच उताणा पडलो आणि वर बघत राहिलो. प्रत्येक आयलेटपासून मध्यापर्यंत बारीक सुरकुत्या आलेल्या, तळहातावरच्या रेषांसारख्या. मधोमध जुन्या डागाची तीन वर्तुळं, एकात एक. तीनदा आवळलं होतं, तीनदा पाणी साचलं होतं, कापडानं सगळा हिशेब लिहून ठेवला होता.

लोकांना वाटतं झोळ म्हणजे ताण कमी. म्हणून आवळतात. पण आडवं बांधलेलं कापड कितीही आवळा, स्वतःच्या वजनानं मध्यात थोडं तरी खाली येणारच. तिथं पावसाचं तांब्याभर पाणी थांबतं. त्या पाण्याच्या वजनानं खड्डा वाढतो, खड्डा वाढला म्हणून आणखी पाणी येतं. हे चक्र आवळण्यानं तुटत नाही.

उलट आवळण्याचा तोटा असतो. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. थोडी सैल असेल तर ओली चादर टाकल्यावर झुलते आणि गप्प बसते. तीच दोरी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली आणि चादर टाकली तर भिंतीतला खिळा हलतो. चादर तीच, वजन तेच. पण दोरी जितकी सपाट, तितका टोकांवरचा ओढा जास्त. तुमच्या आयलेट लांबट का झाल्या त्याचं उत्तर इथं आहे.

तर करायचं काय? दहा फुटाला दोन फूट उतार द्या. दिसायला जास्त वाटतो, पण याहून कमी उतारावर ओली, जड झालेली गोधडी पाणी धरते. नवा पाइप लागत नाही, आहे त्याच पाइपावर हूक खाली सरकवायचा असतो. काकींच्या पश्चिमेकडचे दोन कोपरे दोन फूट खाली घेतले, बादली ओतली, पाणी सरळ कडेवरून कुंडीत. कापड तेच ठेवलं. यंदाचे वळीव त्यावरच गेलेत.

खालची कड पश्चिमेला घ्यायचं कारण दुहेरी आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्यामुळं बारा-एकला मार गच्चीला बसतो आणि तीननंतर तिरपं ऊन पश्चिमेकडून आत घुसतं. पश्चिमेची कड खाली असली की ते ऊन अडतं. दुसरं, पावसाळी वारा पश्चिमेचा. ती कड उंच ठेवली तर वारा सुपात शिरल्यासारखा खाली शिरतो आणि पडदा वर उचलतो. शेजारच्या इमारतीमुळं जागाच नसेल तर गोष्ट वेगळी. पण जागा असून कुणी पूर्वेकडं उतार दिला की मला राहवत नाही.

मोठा चौकोनी पडदा असेल तर आणखी चांगली युक्ती म्हणजे पीळ. समोरासमोरचे दोन कोपरे उंच, उरलेले दोन खाली. कापड मग एका दिशेनं वर वाकतं आणि दुसऱ्या दिशेनं खाली. वाऱ्याला फडफडवायला सपाट जागाच मिळत नाही आणि पाण्याला दोन ठरलेली तोंडं मिळतात. दुकानात काही दिवस काम बघायला आलेल्या आर्किटेक्चरच्या एका पोरानं सांगितलं की फ्राय ओटो नावाच्या जर्मन वास्तुरचनाकारानं १९५५ साली कासेल शहरातल्या बाग-प्रदर्शनात वाद्यवृंदासाठी असाच चार टोकांचा तंबू केला होता, दोन टोकं वर, दोन खाली, आणि तोही सुती कापडाचा. आमच्याकडं हे बाजारात पाल (कापडी तंबू) ठोकणाऱ्यांकडून आलं. फक्त जाड गोधडीला पीळ बेतानं द्या. एका पदराचं कापड वळतं तेवढी ती वळत नाही, जास्त पिळलं की आतला फोम चुरगळतो.

चौथी: चंदेरी बाजू कशाला टेकलीय का

हात घालून बघा, खर्च शून्य. पत्र्यावर किंवा स्लॅबवर टाकलेल्या गोधडीला झोळ पडला की तिचं पोट खाली टेकतं. चंदेरी फॉइल उष्णता कमी बाहेर टाकते, पण तिच्यापुढं हवेची पोकळी असली तरच. टेकली की उष्णता सरळ स्पर्शानं उतरते आणि फॉइलचा उपयोग संपतो. कमीत कमी एक इंच पोकळी हवी. मी दोन-तीन इंच ठेवतो आणि वरच्या टोकाला तापलेली हवा निघून जायला फट सोडतो. ती फट बुजवलेली मी पाहिलीय, ‘पाल शिरते’ म्हणून. जाळी लावा, बुजवू नका.

पाचवी: आयलेट आणि नेफा

नुसतं भोक पाडून पितळी कडी ठोकली की आयलेट झाली असं नसतं. पडद्याच्या कडेला दुमडून नेफा केलेला असतो, त्यात दोरी भरलेली असावी. आयलेट त्या दोरीच्या आतल्या बाजूला हवी, म्हणजे ओढ बसली की भार कापडावर न येता दोरीवर येतो. तुमच्या पडद्याच्या नेफ्यात दोरीच नसेल तर लांबट झालेल्या भोकांचं नवल नको. पायजम्याला नाडी न घालता कमरेवर बसवल्यासारखं आहे ते.

लोखंडी मुलाम्याच्या आयलेट गंजतात आणि गंज भोवतालचं कापड खातो. पितळी किंवा स्टेनलेसच्या वापरा, दोन्ही बाजूंना चकती असलेल्या. फाटलेल्या भोकात मोठी आयलेट ठोकू नका. चार बोटं बाजूला सरका, तिथं आतून-बाहेरून त्याच कापडाचं ठिगळ लावा, ठिगळाचे कोपरे गोल कापा (टोकदार कोपरा उचकटायला सुरुवात करतो), आणि मग नवीन भोक पाडा. आयलेट मारायचा पंच लक्ष्मीपुरीत मिळतो, हातोडी घरात असतेच. पण ठिगळ झटपट डिंकानं चिकटवलंत तर ते कडक होऊन दोन आठवड्यांत तडकतं. कोटिंगच्या कापडाला गरम हवेच्या गननं जोडायचं असतं; ते काम ताडपत्रीवाला दहा मिनिटांत करून देतो.

सहावी: शिवण

दोरा नखानं उचकून बघा. तटकन तुटला तर दोरा मेलाय, कापड जिवंत आहे. सुती दोरा पावसात कुजतो, नायलॉनचा उन्हात खचतो. उन्हाला टिकणारा पॉलिएस्टर दोरा घालून परत शिवून घ्या. जोड देताना वरचा पट्टा खालच्यावर आलाय ना तेही बघा, कौलं चढवतात तसं. उलटा जोड पाणी आत ढकलतो.

सातवी: गोधडी पाणी प्यायलीय का

बॅगा तोलायचा लटकता काटा घ्या, पडदा काढून त्याला अडकवा. आठ बाय चारचा पडदा तीन-साडेतीनऐवजी सहा-सात किलो भरला, तर जास्तीचं सगळं पाणी आहे. हे पाणी शिरतं चौकड्यांच्या शिवणीच्या भोकांतून, हजारो भोकं असतात. आणि शिरलेलं निघत नाही, कारण दोन्ही बाजूंना पाणी न सोडणारं कापड.

यानं दोन गोष्टी होतात. वजन वाढलं म्हणून झोळ वाढतो, हे उघड आहे. दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही: गोधडी गार ठेवते ती रुईमुळं नव्हे, रुईत अडकलेल्या हवेमुळं. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणजे ओली गोधडी टांगून ठेवली तर सावली मिळेल, इन्सुलेशन मिळणार नाही. पैसे मात्र इन्सुलेशनचे दिलेत.

खालची कड चार-पाच ठिकाणी बोटभर उसवा, पडदा उभा टांगा आणि निथळू द्या. रुई असेल तर दोन-तीन कडक उन्हं तरी लागतात. मग उसवलेल्या जागी शिवण न घालता बारीक आयलेट मारा, म्हणजे पुढच्या वेळी पाण्याला वाट राहील. वरच्या अंगाच्या शिवणींवर शिवण बंद करणारी पट्टी किंवा लेप लावून घ्या. उघडल्यावर कुबट वास आला आणि रुई काळी दिसली तर वाळवत बसू नका, आतला थर बदला. बाहेरचं कापड तेच चालतं.

आठवी: कापड

आता कुठं कापडाचा नंबर. सगळ्या दोऱ्या सोडा, पडदा गच्चीवर पसरा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत फरक निघाला, किंवा मधोमध फुगा राहून हातानं सारखा करूनही बसला नाही, तर कापड कायमचं ताणलंय. पातळ भाग उन्हाकडं धरा, सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर कोटिंग गेलंय. दुमडल्यावर घडीवर पांढरी भेग उमटली तरी तेच.

नवीन घेताना एवढंच बघा की कापडाची लांबी ओढीच्या दिशेनं येतेय. इचलकरंजीचा कुणीही मागवाला सांगेल की ताण्याचा धागा मागावर ताणूनच बसवलेला असतो; बाणा वर-खाली नागमोडी जातो, म्हणून कापड रुंदीकडून जास्त सुटतं. मुख्य ओढ रुंदीकडून आली तर नवं कापडही पहिल्याच उन्हाळ्यात झोळ धरतं.

नववी: चौकट, आणि इथं थांबायचं

पाइप दोन्ही हातांनी धरून हलवा. तळाशी पत्ती उचलतेय का, वेल्डिंगच्या सांध्यातून गंजाचं पाणी ओघळलंय का, पाइपाला बाक आलाय का, एवढंच बघा. यातलं काहीही दिसलं तर पाना खाली ठेवा.

कारण वारा. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ६ किलो. वेग दुप्पट, ताशी ७२ झाला की दाब चौपट, म्हणजे २४ किलो. दहा बाय दहाच्या पडद्यावर तो सव्वादोनशे किलोच्या घरात जातो, आणि वळवाच्या झोतात तो एकदम येतो, हळूहळू नाही. पडदा पाण्यानं खाली ओढतो तसा वाऱ्यानं वरही उपसतो. एवढा झटका चार इंची विटांच्या कठड्यात ठोकलेल्या बोल्टांवर येत असेल तर कठडाच रस्त्यावर पडू शकतो. वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ भाग ३ हे भारतीय मानक आहे. तो हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअर करतो. मी करत नाही, तुम्हीही करू नका. मी कठड्याला आयलेटचा हूकसुद्धा लावत नाही, कॉलम किंवा स्लॅबच्या बीममध्येच अँकर बोल्ट घेतो, आणि बीम कुठं आहे ते नक्की नसेल तर काम सोडून येतो.

पुढच्या ठिकाणी तर पहिल्या तपासणीच्याही आधी थांबा:

गच्चीजवळून विजेची तार जात असेल, पडदा फडफडून तिच्यापर्यंत पोचेल असं वाटत असेल, तर ओली दोरी हातात धरून शिडीवर चढू नका. महावितरणच्या १९१२ वर कळवा. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर पाय देऊ नका, तो सांगून मोडत नाही. त्याला भोकंही पाडू नका, जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते. भट्टी, चिमणी किंवा वेल्डिंगच्या ठिणग्या पोचतील अशा जागी साधी गोधडी लावायचीच नसते, तिथं आग न धरणारं कापड लागतं आणि ते तसं असल्याचा कागद विकणाऱ्याकडून मागून घ्यायचा. दुसऱ्या मजल्याच्या वर भिंतीबाहेर लोंबकळून करायचं काम असेल तर सेफ्टी बेल्टवाली माणसं बोलवा. उद्यमनगरातला एक वर्कशॉपवाला मला म्हणाला होता, “मी चढतो की, रोजचंच हाय.” त्याला खाली उतरवायला अर्धा तास हुज्जत घातली.

फॅब्रिकेटरला किंवा इंजिनिअरला बोलवाल तेव्हा काही गोष्टी तयार ठेवा, त्याचा फेरा वाचेल. चारी कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची. पाइपाचा बाहेरचा घेर, सुतळीनं मोजलेला. पाणी कुठं थांबतं त्याचा फोटो, खडूच्या गोलासकट. आणि पडद्याचं काट्यावरचं वजन. मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काम उरकणार नसेल, तर पडदा तोवर उतरवून ठेवा. पूर्ण वाळवून, घडी न घालता गुंडाळून, चंदेरी बाजू आत, आणि जमिनीपासून वर टांगून. रुईत उंदीर फार आवडीनं बाळंत होतात.